ढ

शाळेच्या फाटकावरची पाटी शर्विलनं वाचली:
'नाशक महानगर…'
मागे हशा पिकला. शिपाईमामासुद्धा हसले.
मी विचारलं, वेलांटी कुठे गेली रे?
तो म्हणाला, बाई, ती आधीच येऊन उभी होती.
मला वाटलं तिचा नंबर वेगळा आहे.

त्या रात्री त्याचं नाव कागदावर लिहून पाहिलं.
इतकी वर्षं सातपूरच्या या शाळेत खडू झिजवला,
आणि पहिल्यांदा नीट दिसलं,
शर्विल.
तोंडातून र आधी निघतो, मग व;
कागदावर र जाऊन बसतो व-च्या डोक्यावर.
बोलताना इ व-च्या मागून येते,
लिहिताना पुढे घुसते.
एवढंसं नाव, त्यात दोघांनी रांग मोडलेली,
आणि बाकावर उभा कोण, तर हा.

वही मिटवून टाकली.
ताटात रवा पसरला, म्हटलं, बोटानं काढ, डोळे मिटून.
घ आणि ध त्याला एकाच आईची लेकरं वाटत.
आठवडाभर रवा सांडला, मुंग्या आल्या.
मग एका दुपारी तोच म्हणाला,
घराचं छप्पर बंद असतं, म्हणून घ.
धरणाचा दरवाजा वर उघडा, म्हणून ध.
गंगापूरला गेलेला बाबांबरोबर, पाणी सोडलेलं तेव्हा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरला.
तिसऱ्या दिवशी धरणाचा तेवढा आठवला.

त्याची आई कंपनीतून थेट आली, टोपी तशीच डोक्यावर.
फटके द्या बाई, म्हणाली, पण याला वाचता येऊ दे.
फटक्यांनी येत असतं
तर माणिक वाघचौरेला आलं असतं.
माझ्या पहिल्या वर्षीची तुकडी.
त्याला मी ढ म्हणाले होते, भरवर्गात, दोनदा.
परवा द्वारकेला नेमकी त्याचीच रिक्षा मिळाली.
पैसे घेतले नाहीत.
मी उतरताना सीटखालून घडी घातलेला कागद काढला,
बाई, यात काय म्हणतायत हो?
बँकेचा होता. मी वाचून दाखवला
सावकाश, शब्द सुटे करून,
वर्गात कधी वाचला नाही तसा.

मार्चमध्ये पांडवलेणी. पायऱ्या चढताना शर्विल सगळ्यांच्या पुढे.
वर ओसरीच्या भिंतीवर अक्षरं कोरलेली, ओळीच्या ओळी.
वाचा ना बाई, पोरं म्हणाली.
काठी. गळ. चाक. पालथी वाटी.
बराच वेळ उभी राहिले आणि म्हटलं,
मला येत नाही.

कोणी हसलं नाही. त्यांना सवय नव्हती.
शर्विल जवळ आला, हळूच विचारलं,
तुमचीपण हलतात?
नाही रे, ती आपल्या जागी आहेत. मलाच वाट सापडत नाही.
तो विचारात पडला.
रवा आणायला पाहिजे होता, म्हणाला.

मग पहारेकरी हात लावू देईना म्हणून
हवेतच बोट फिरवत तो ओळीमागून ओळ गेला,
आणि एके ठिकाणी थांबला. हा ढ आहे.
होता. हुबेहूब.
बाकी सगळी अक्षरं बदलली, हा तेवढा तसाच राहिला,
म्हणून न शिकणाऱ्याला ढ म्हणतात,
ही गोष्ट मला डी.एड.ला शिकवली होती.
मी ती त्याला सांगितली नाही.
त्या अख्ख्या भिंतीवर आम्हा तेहतीस जणांना
ओळखू आलेलं ते एकच अक्षर होतं.

पायथ्याशी बस उभी होती.
सगळे चढले. तो पाटीसमोर.
ना, म्हणाला. मग ओठ नुसतेच हलले,
बोट मांडीवर वेलांटी काढतंय, पुसतंय, काढतंय.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
मी दारातून हात वर केला,
थांबा जरा.